कर्णनादाची पॅकेजं : संशयाची पार्श्वभूमी

कानात किर्र आवाज, शिटी किंवा कुकरची वाफ सुटल्यासारखं काहीतरी सतत ऐकू येणाऱ्या, म्हणजेच कर्णनाद असलेल्या माणसाने एकदा मोबाइलवर त्याबद्दल शोधलं की पुढचे कित्येक दिवस त्याला एकाच साच्याच्या जाहिराती दिसत राहतात. तीन महिन्यांचा कोर्स, घरपोच किट, 'तज्ज्ञां'शी व्हिडिओ कॉल, हप्त्याने पैसे भरायची सोय. किटमध्ये तेलाचे थेंब, गोळ्यांच्या दोन-तीन डब्या, पथ्याचा तक्ता आणि झोपताना ऐकायच्या आवाजांचं ॲप. पहिल्या महिन्यात आवाज वाढला तर 'दोष बाहेर पडतोय', तिसऱ्या महिन्यात कमी झाला नाही तर 'पथ्य पाळलं नाहीत'. या प्रकाराकडे डॉक्टर आणि जुने रुग्ण दोघंही संशयाने बघतात, त्याची मुळं गेल्या पन्नास-साठ वर्षांत आहेत.

प्राचीन भाग थोडक्यात उरकता येतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कर्णशूल (कानदुखी), कर्णनाद, बाधिर्य (बहिरेपणा) आणि कर्णक्ष्वेड (कानात बासरीसारखा आवाज) वेगवेगळे वर्णिले आहेत आणि चारही रोगांवर एकच समाईक चिकित्सा दिली आहे. किटच्या खोक्यावरची 'हजारो वर्षांची परंपरा' ती हीच. पैसे परत मिळण्याची हमी मात्र संहितेत नाही.

आधुनिक संशोधनातला एक जुना प्रयोग अजूनही सांगण्यासारखा आहे. १९५३ मध्ये अमेरिकेत, कानाची तक्रार नसलेल्या ८० जणांना एकेक करून ध्वनिरोधक खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते विचारलं. ९४ टक्के लोकांनी कुठला ना कुठला आवाज सांगितला. पूर्ण शांततेत जवळजवळ प्रत्येकालाच काहीतरी ऐकू येतं. मग एखाद्याची झोप उडते आणि दुसऱ्याच्या ते लक्षातही राहत नाही, असं का, हा प्रश्न त्यानंतरच्या सगळ्या उपचारांच्या मुळाशी आहे. सत्तरच्या दशकात अमेरिकेत आवाज झाकणारी कानात घालायची यंत्रं आली. १९९० च्या सुमाराला आवाजाचं मूळ कानात असलं तरी त्रासाचं मूळ मेंदूच्या प्रतिक्रियेत असतं, अशी मांडणी पुढे आली आणि तिच्यावर समुपदेशन आणि मंद ध्वनी यांची एक शिस्तबद्ध पद्धत उभी राहिली. कित्येक महिने चालणारी, प्रशिक्षित माणसांकडून दिली जाणारी आणि अर्थातच महाग.

आजच्या पॅकेजांची भाषा आयुर्वेदापेक्षा या पद्धतीकडून जास्त उसनी घेतलेली आहे. 'मेंदूला पुन्हा वळण लावणे', 'सवयीने आवाज मागे पडणे' हे शब्दप्रयोग तिथलेच. आणि खुद्द या पद्धतीचं पुढे काय झालं? २०१९ मध्ये अमेरिकी लष्कराच्या रुग्णालयांतल्या १५१ जणांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका गटाला पूर्ण पद्धत, दुसऱ्याला खरं समुपदेशन पण ध्वनियंत्राच्या नावाखाली नकली यंत्र, तिसऱ्याला नेहमीची काळजी. दीड वर्षाने तिन्ही गटांत साधारण निम्म्या लोकांचा त्रास लक्षणीय कमी झालेला होता आणि गटागटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

अनुभवकथनांवर विश्वास का ठेवू नये, याचं उत्तर या निकालात आहे. कर्णनादाचा त्रास कमी-जास्त होत राहतो. माणूस पैसे भरतो ते सगळ्यात वाईट आठवड्यात, आणि त्यानंतरचे बरेचसे आठवडे तसेही त्याहून बरेच जाणार असतात. कुणी नीट ऐकून घेतलं, दर आठवड्याला फोन केला, तरी बरं वाटतं. निम्मे लोक सुधारणारच असतील तर कुठल्याही किटला शंभर खरेखुरे, मनापासून बोलणारे समाधानी ग्राहक कॅमेऱ्यासमोर उभे करता येतात. त्यातला एकही खोटं बोलत नसतो.

गोळ्यांचंही तेच झालं. जिन्कगो नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क वर्षानुवर्षं दिला जात होता. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये १,१२१ जणांवर झालेल्या चाचणीत रोज १५० मिलिग्रॅम, बारा आठवडे, असा तो देऊन पाहिला, आणि नकली गोळीपेक्षा तो सरस ठरला नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने जिन्कगो, मेलाटोनिन, जस्त आणि इतर पूरक गोळ्या कर्णनादासाठी सुचवू नयेत असं स्पष्ट सांगितलं. ॲक्युपंक्चरबद्दल पुराव्याअभावी बाजूने किंवा विरोधात काहीच शिफारस केली नाही. बाजूने शिफारस मिळाली ती समुपदेशन, ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र आणि विचार-वर्तन उपचारपद्धती यांना. या शेवटच्या पद्धतीचा २०२० मधला आढावा २८ चाचण्या आणि २,७३३ रुग्णांचा होता. आवाजाचा रोजच्या जगण्यावरचा परिणाम तिने कमी होतो, असं त्यात दिसलं. आवाज बंद होतो, असा दावा ती पद्धत करतच नाही, आणि जाहिरातीच्या स्पर्धेत ती तिथेच हरते.

आपल्याकडची दुसरी बाजूही सांगायला हवी. गर्दीच्या ओपीडीत पाच मिनिटांत ऑडिओमेट्रीचा (ऐकण्याच्या तपासणीचा) कागद बघून 'याच्यावर औषध नाही, सवय करून घ्या' असं ऐकून रुग्ण बाहेर पडतो. हातात बहुतेक वेळा बीटाहिस्टिन हे चक्करेवरचं औषध किंवा तेच जिन्कगो असतं, ज्यांचा कर्णनादावर उपयोग सिद्ध झालेला नाही. त्याच रात्री त्याला कुणीतरी अर्धा तास ऐकून घेणारा 'तज्ज्ञ' फोनवर भेटतो. पॅकेजवाल्यांना शिव्या देताना हा अर्धा तास विसरला जातो.

आता कायदा. इथे खरा गुंता आहे.

औषधं आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ चा. त्याला एका युनानी औषध-उत्पादकाने आव्हान दिलं आणि डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. अशा जाहिरातींना अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण नाही, हे न्यायालयाने मान्य केलं. पण ज्यांच्यावरच्या उपायांची जाहिरात करता येत नाही अशा आजारांच्या यादीत कुठलाही आजार नियमांद्वारे घालण्याचा जो मोकळा अधिकार सरकारला दिला होता, तो त्यासाठी काही निकष न घातल्यामुळे रद्द ठरला. १९६३ मध्ये दुरुस्ती होऊन कायद्यालाच यादी जोडली गेली. यादीत ५४ नोंदी आहेत. प्लेग आहे, देवी आहे, उंची वाढवणं आहे, बहिरेपणाही आहे. कर्णनाद नाही. बहिरेपणा बरा करतो म्हटलं तर गुन्हा. कानातला आवाज बंद करतो म्हटलं तर यादी गप्प. (मेंदूचे आणि मज्जासंस्थेचे विकार मात्र यादीत आहेत. 'आवाज मेंदूत तयार होतो, आम्ही नसा दुरुस्त करतो' असं सांगणारा विक्रेता माझ्या मते स्वतःहून यादीत पाऊल टाकतो.) २०२० च्या फेब्रुवारीत यादी ७८ पर्यंत वाढवण्याचा आणि शिक्षा कडक करण्याचा मसुदा निघाला. तो मसुदाच राहिला.

ही फट काही काळ बुजली होती. डिसेंबर २०१८ मध्ये औषध नियमांत १७० क्रमांकाचा नियम घालण्यात आला. आयुर्वेद, सिद्ध किंवा युनानी औषध कुठल्याही आजारावर चालतं अशी जाहिरात करायची तर उत्पादकाने आधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून मंजुरी घ्यायची आणि जाहिरातीला ओळख क्रमांक मिळवायचा. 'कुठल्याही आजारावर' म्हटल्यामुळे कर्णनादही आपोआप आत आला. उत्पादकांनी मुंबईसह वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत धाव घेतली. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून या नियमाखाली कारवाई करू नका, असं कळवलं. पुस्तकात असलेला नियम एका पत्राने झोपवायचा, हे कुठल्या अधिकारात, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आला. मे २०२४ मध्ये न्यायालयाने पत्राबद्दल कान उपटल्यावर सरकारने १ जुलैला नियमच वगळल्याची अधिसूचना काढली. २७ ऑगस्टला न्यायालयाने तिला स्थगिती दिली, म्हणजे नियम पुन्हा उभा राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये ते प्रकरण निकाली निघालं, स्थगिती उठली आणि नियम गेला. ज्यांना हरकत असेल त्यांनी उच्च न्यायालयात जावं, असा मार्ग उरला. सात वर्षांच्या या येरझाऱ्यांत बाजार थांबला नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

नियम राहिला असता तरी 'प्रोग्राम' म्हणून विकलं जाणारं असं पॅकेज त्यात पुरतं सापडलं नसतंच. नियम औषधाच्या उत्पादकाला धरतो. प्रोग्राम विकणारा कागदोपत्री वेळ, सल्ला, तक्ता आणि ॲप विकतो, थेंबांची बाटली सोबत 'भेट' जाते. चौकशीत 'आम्ही उपचार केला नाही, मार्गदर्शन केलं' हे वाक्य तयार असतं.

उपकरणांच्या बाजारात निदान कागद तरी मागता येतात. जिभेला सौम्य विद्युत स्पंदनं आणि कानाला ध्वनी देणाऱ्या एका आयरिश उपकरणाला मार्च २०२३ मध्ये अमेरिकी नियामकाची परवानगी मिळाली. २०२० मधल्या त्याच्या ३२६ जणांच्या चाचणीत नकली उपकरण मिळालेला गट नव्हता. परवानगीसाठीच्या ११२ जणांच्या चाचणीत सहा आठवडे नुसता ध्वनी आणि पुढचे सहा आठवडे दोन्ही, अशी रचना होती. तिच्यावर आक्षेप आहेत, पण आक्षेप घेण्याइतकी माहिती उघड आहे. किटवाल्यांकडे मागितली तर व्हिडिओ येतात.

डॉक्टरांची चिंता पैशांपुरती नाही. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल किंवा ऐकू येणं अचानक कमी झालं असेल, तर तपासणी लगेच लागते. अचानक आलेल्या बहिरेपणात स्टिरॉइड पहिल्या दोन आठवड्यांत दिली तर उपयोगाची शक्यता जास्त. पडद्याला भोक असताना तेल घातलं तर कान बिघडतो. तीन महिन्यांच्या कोर्सच्या आधी कानात दुर्बीण घालून कुणी पाहिलेलं नसतं.

मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या कायद्याखालच्या तक्रारी घेण्यासाठी राज्यांना दोन महिन्यांत यंत्रणा उभारायला सांगितलं. तक्रारीत जाहिरात, आजार आणि विक्रेता दाखवावा लागतो. कर्णनादाच्या बाबतीत आजार यादीत नाही आणि विक्रेत्याचा पत्ता बहुधा एक व्हॉट्सॲप क्रमांक असतो.