घाट उतरताना लायनरवर काय बेततं

आंबोलीचा घाट सावंतवाडीच्या बाजूने उतरताना मोटरसायकल सुमारे ५०० मीटर खाली येते. गाडी, चालवणारा आणि सामान मिळून २०० किलो धरले, तर एवढ्या उतारात जवळजवळ १० लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत तीन लिटर पाण्याला उकळी फुटेल. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर मोठा वाटा इंजिन उचलतं, थोडा वारा खातो. न्यूट्रलवर उतरणाऱ्याची मात्र बहुतेक सगळी उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये जाते, आणि तिथे ती सोसायला असतात दोन्ही चाकांचे मिळून लायनरचे, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या थराचे, चार अरुंद पट्टे.

हे पट्टे ज्यावर चिकटवलेले असतात ते ब्रेकचे शू. ते बदलायची वेळ आली की गॅरेजात मेकॅनिक विचारतो, ‘कंपनीचे टाकू का लोकल?’ दोन्ही प्रकारचे शू हातात घेऊन पाहिले तर फरक सांगता येत नाही. ॲल्युमिनिअमची तीच चंद्रकोर, वर तसाच करडा पट्टा. आकाराची नक्कल करायला एक साचा पुरतो. पट्ट्यात काय कालवलंय ते डोळ्यांना दिसत नाही.

काचेचे किंवा इतर तंतू, धातूची पूड, ग्राफाइट, बॅराइट नावाचं खनिज आणि या सगळ्यांना धरून ठेवणारं फिनॉलिक रेझिन, असा तो मसाला असतो. अनेक लायनरमध्ये आणखी एक घटक असतो, कोकणाच्या ओळखीचा: काजूबीच्या टरफलातलं तेल. बी भाजताना अंगावर उडालं तर कातडी सोलणारं, तेच. प्रक्रिया करून ते घट्ट केलं, दळलं, की मिळणाऱ्या पुडीने घर्षण सौम्य आणि एकसारखं राहतं, ब्रेक किंचाळत नाही. ज्या झाडाची बोंडं आपण मीठ लावून खातो त्याच्या टरफलाला हे काम जमतं, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

हा मसाला साच्यात दाबून, तापवून पक्का करावा लागतो. खर्च वाचवायला तो कच्चाच काढला तरी थंड ब्रेक छान लागतो. गॅरेजपासून घरापर्यंत काही कळत नाही. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे रेझिनचं विघटन होऊ लागतं. त्यातून सुटणारा वायू आणि पृष्ठभागावरचा बदललेला थर पकड ढिली करतात. कच्च्या लायनरवर ही वेळ लवकर येते. त्यात ड्रमही तापून फुगतो, शूपासून दूर सरकतो, आणि लिव्हर आणखी आत जाते.

ड्रम ब्रेकची रचना इथे आगीत तेल ओतते. दोनपैकी एका शूला फिरता ड्रमच ओढून स्वतःवर आणखी दाबून घेतो. केबलच्या जेमतेम ओढीत गाडी थांबते ती या फुकटच्या मदतीमुळे. पण ही मदत घर्षणावरच उभी असल्याने घर्षण पाव हिश्श्याने घटलं, तर ब्रेकची ताकद त्याहून जास्त घटते.

एके काळी लायनरमध्ये सर्रास ॲस्बेस्टॉस असे. त्याचे सगळे प्रकार कर्करोगाला कारण होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. निनावी लायनरमध्ये ते आहे की नाही हे बघून ओळखता येत नाही. म्हणून हब (चाकाचा मधला, ड्रम असलेला भाग) उघडून लायनरची ती काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवताना पाहिलं की माझा जीव कासावीस होतो. बऱ्याचदा ते काम कोवळ्या पोराच्या हाती असतं. ‘ओल्या फडक्याने पूस रे’ एवढं गिऱ्हाइकाने म्हणायलाच हवं.

बाहेरचा प्रत्येक पार्ट वाईट नसतो. स्वतःच्या नावाने लायनर विकणारे काही कारखाने गाडीकंपन्यांनाही माल पुरवतात. भीती आहे ती पत्ता, बॅच नंबर काहीच नसलेल्या डब्याची, आणि चोरलेल्या छापाच्या डब्याची. आरसा, ग्रिप, फूटरेस्टचं रबर खुशाल स्वस्तातलं घ्यावं.

चेनसेटला, म्हणजे चेन आणि तिच्या दोन दातेरी चाकांना, मात्र लायनरचाच न्याय लागतो. १०० ते १५० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना ४२८ नंबरची चेन असते. तिच्या दोन पिनांमधलं अंतर १२.७ मिलिमीटर, म्हणजे नव्या चेनच्या २० कड्या भरतात २५४ मिलिमीटर. त्या २५९ भरल्या की चेन संपली समजावं. चेन ‘ताणली’ म्हणतो तेव्हा खरं तर पोलाद लांबलेलं नसतं, पिना आणि त्यांच्याभोवतीचे बुश (छोट्या नळ्या) झिजलेले असतात. चांगल्या पिनेच्या कातडीत भट्टीत कार्बन मुरवून ती कडक केलेली असते, गाभा चिवट ठेवलेला असतो. भट्टीचा खर्च वाचवलेली चेनही डब्यातून काढताना तितकीच चकाकते.

आणि शू कितीही चांगले आणले तरी नवे असताना ते ड्रमला मोजक्या जागीच टेकतात. जुन्या ड्रमवर चरे असतील तर आणखी कमी. शहरात हलक्या हाताने ब्रेक लावत शे-दोनशे किलोमीटर फिरलं की पट्टा घासून ड्रमच्या गोलाईला बसतो. तोवर घाट धरू नये.