कालनिर्णयात छापता न येणारा उत्सव

हिवाळा आला की जपानमधल्या सुवा सरोवराचा एखादा व्हिडिओ कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येऊन पडतोच. गोठलेलं पांढरं तळं, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गेलेली मोडक्या बर्फाच्या लाद्यांची वाकडीतिकडी रांग आणि काठावर उभे पुजारी. खालची ओळ ठरलेली: पाणी गोठताना प्रसरण पावतं, म्हणून बर्फ असा वर येतो. पुढे हात जोडलेल्यांची रांग.

हात जोडण्याला माझी हरकत नाही, त्या वाक्याला आहे. दहावीत 'पाण्याचे असंगत आचरण' आपण इतकं घोकलेलं असतं की बर्फ दिसला की तेच उत्तर तोंडात येतं. सुवाचा बर्फ मात्र असंगत वगैरे काही वागत नाही. तो अगदी चारचौघांसारखा वागतो, आणि म्हणूनच फुटतो.

आधी गोष्ट. नागानो प्रांतात, समुद्रसपाटीपासून ७५९ मीटरवर हे सरोवर आहे. क्षेत्रफळ जेमतेम १३ चौरस किलोमीटर, खोली फार तर सात मीटरच्या आसपास. दक्षिणेच्या अंगाला सुवा देवस्थानाचं वरचं ठाणं, उत्तरेला खालचं. वरच्या ठाण्यात ताकेमिनाकाता हा देव आणि खालच्या ठाण्यात त्याची पत्नी यासाकातोमे. कडाक्याच्या थंडीत तळं गोठलं की देव एका रात्री बर्फावरून चालत पत्नीला भेटायला जातो, आणि त्याच्या पायाखाली फुटलेल्या बर्फाची वाट सकाळी लोकांना दिसते. या वाटेला म्हणतात ओमिवातारी, म्हणजे देवाचं पलीकडे जाणं.

आता तो बर्फ खरोखर का उठतो ते पाहू.

गोठताना पाण्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं हे खरं. पण तळ्याचा बर्फ तरंगत असतो आणि जाड होतो तो खालच्या बाजूनं. दहा सेंटीमीटर जाडीची लादी घ्या. तिच्यातला नऊ-सव्वानऊ सेंटीमीटर भाग पाण्याखाली आणि उरलेला वर. आर्किमिडीजच्या नियमानुसार लादी स्वतःच्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारते, आणि ते वजन म्हणजे ज्या पाण्यापासून ती बनली त्याचंच वजन. थोडक्यात, वाढलेलं आकारमान मुकाट्यानं पाण्याच्या पातळीच्या वर डोकं काढतं. आडवं कुणी कुणाला ढकलत नाही. बाटली फ्रीझरमध्ये फुटते कारण बाटलीला सगळीकडून भिंती असतात आणि पाण्याला निसटायला जागा नसते. तळ्यात ती असते.

आडवी ढकलाढकली सुरू होते ती पाण्याचा बर्फ झाल्यानंतर. एकदा बर्फ झाला की तो कुठल्याही साध्या स्थायूसारखा थंड झाला की आकसतो आणि तापला की पसरतो. आणि चांगलाच पसरतो. पोलादाच्या चौपट! एक किलोमीटर लांबीचा बर्फ एका अंशानं तापला तर तो सुमारे पाच सेंटीमीटर वाढतो. सुवा सरोवर साधारण चार किलोमीटर रुंद आहे. म्हणजे अंशाला वीस सेंटीमीटर.

पण 'बर्फ अंशभर तापला' म्हणजे नेमका कुठला बर्फ? लादीची खालची बाजू पाण्याला चिकटलेली, त्यामुळे ती कायम शून्य अंशावर. वरची बाजू हवेच्या ताब्यात. समजा पहाटे वरचा पृष्ठभाग उणे १२ अंशांवर गेला आणि दुपारी उन्हानं उणे २ वर आला. वर दहा अंशांचा फरक, खाली शून्य, म्हणून जाडीभरातली सरासरी पाच अंश. पाच गुणिले वीस, म्हणजे एक मीटर. मीटरभर जास्तीचा बर्फ, आणि दोन्ही बाजूंना काठ.

इथे एक शंका यायला हवी. रात्री जेवढा आकसला तेवढाच दिवसा पसरला, तर हिशेब बरोबरीत सुटला. मग जास्तीचा बर्फ आला कुठून? सगळी गंमत रात्रीच्या तासांत आहे. रात्री वरचा थर आकसू पाहतो, खालचा नाही. उन्हात घातलेल्या पापडाच्या कडा वर वळतात, तशी लादी वळू बघते. पण तिचं स्वतःचं वजन आणि खालचं पाणी तिला वळू देत नाहीत, म्हणून वरच्या थरावर ताण येतो. बर्फ दाब बऱ्यापैकी सोसतो, ताण मात्र फारच कमी. तो तडकतो, आणि तडा पुरता खालपर्यंत गेला की फटीत पाणी चढतं. उणे दहाच्या हवेत ते पाणी गोठायला वेळ लागत नाही. सकाळ होते तेव्हा जुनी लादी आहे तेवढीच आहे, शिवाय फटीत नव्या बर्फाची पट्टी बसलेली आहे. तळ्याच्या मापापेक्षा बर्फ आता जास्त झाला. ऊन चढतं, लादी मूळ लांबीवर यायला बघते, पण तिची जागा त्या पट्टीनं घेतलेली असते. सगळ्यांत कमकुवत जागाही तीच, कारण पट्टी कोवळी आणि पातळ. दाब तिथेच मोकळा होतो. पट्टी चुरडते, दोन्हीकडच्या लाद्यांच्या कडा एकमेकींवर चढतात आणि उभ्या राहतात. दुसऱ्या रात्री हाच खेळ पुन्हा. चाक एकाच दिशेनं फिरू देणाऱ्या खिट्टीसारखी ही यंत्रणा चालते: दर रात्री थोडी भर पडते, ती परत निघत नाही.

आता थोडं गणित. कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर जा, मी रागावणार नाही. दिवस-रात्रीचा तापमानबदल बर्फात किती खोल पोहोचतो हे बर्फाच्या उष्णता-विसरणशीलतेवरून काढता येतं. ती सेकंदाला साधारण १.१ चौरस मिलिमीटर आहे. तिला एका दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी गुणायचं, पायनं (π) भागायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. उत्तर येतं १७ ते १८ सेंटीमीटर. या खोलीवर दैनंदिन चढउतार पृष्ठभागाच्या जेमतेम ३७ टक्के उरतो. म्हणून दहा-पंधरा सेंटीमीटरची लादी या खेळाला अगदी योग्य: मोडून पडणार नाही इतकी जाड, आणि बहुतेक जाडीला रोजची थंडी-ऊब जाणवेल इतकी पातळ. मीटरभर जाड बर्फाच्या बहुतेक भागाला रोजच्या चढउताराचा पत्ताच नसतो. दुसरी अट वेगाची. वितळणबिंदूच्या इतक्या जवळचा बर्फ दाब सावकाश पडला तर मोडत नाही, हळूहळू वाहतो आणि दाब जिरवून टाकतो. त्यामुळे तापमान झपाट्यानं चढायला हवं. तिसरी अट बर्फवृष्टी नको. भुसभुशीत हिमाचा थर म्हणजे हवा कोंडलेलं उष्णतारोधक आवरण. तो वर साचला की खालच्या बर्फाला ना रात्र कळते ना दिवस.

तेव्हा नुसती थंडी पुरत नाही. लागोपाठ काही रात्री उणे दहाच्या आसपास किंवा खाली, निरभ्र आकाश, कोरडी हवा आणि मग स्वच्छ ऊन. एवढं जमलं तर देव निघतात.

निघताना आवाजही होतो. गोठलेल्या तळ्यातून रात्री गडगडाट आणि मधूनच 'प्यूऽऽ' असा चित्रपटातल्या लेझर बंदुकीसारखा आवाज येतो. तडा गेला की लादीत लाटा पसरतात, त्यातल्या उच्च वारंवारतेच्या लाटा वेगानं पुढे जातात आणि खालच्या सुराच्या लाटा मागे पडतात. दूर उभ्या माणसाला आधी बारीक आणि मग जाड सूर ऐकू येतो. अंधारात हे ऐकून कुणाला देव चालल्याचं वाटलं असेल तर त्याला मी तरी हसणार नाही.

पण मला हा उत्सव आवडतो तो वेगळ्याच कारणानं. बहुतेक सणांची तारीख पंचांग ठरवतं. संक्रांत थंडी असो वा नसो, ठरल्या दिवशी येते. तिच्या तारखांची पाचशे वर्षांची यादी काढली तरी हवामानाबद्दल अक्षरही कळणार नाही. ओमिवातारीची तारीख तळं ठरवतं. अशा उत्सवाची नोंद ठेवली तर ती आपोआप तापमानाची नोंद होते. सुवाच्या पुजाऱ्यांनी ती १४४३ पासून ठेवली आहे. तापमापकाचा शोध लागायच्या दीडशेहून अधिक वर्षं आधीपासून!

आज हे काम यात्सुरुगी देवस्थानाकडे आहे. जानेवारीच्या पाच-सहा तारखेपासून फेब्रुवारीच्या तीन-चार तारखेपर्यंत, म्हणजे जपानी परंपरेतल्या 'छोट्या थंडी'पासून वसंतारंभापर्यंत, पुजारी आणि देवस्थानची मंडळी रोज पहाटे काठावर जमतात. हवेचं तापमान बघतात, पाण्याचं बघतात, बर्फ धरला असेल तर फोडून त्याची जाडी मोजतात. ओमिवातारी झाली की पहिली वाट कुठली, दुसरी कुठली, कुठून निघाली आणि कुठे टेकली हे समारंभानं ठरवतात. ओमिवातारी झालीच नाही तर 'आके नो उमी', म्हणजे उघडा समुद्र, असं जाहीर करतात आणि तेही लिहून ठेवतात.

यानंतर पुजारी आणखी एक काम करतात. यंदाच्यासारखी वाट पूर्वी कुठल्या वर्षी पडली होती ते जुन्या नोंदींत शोधायचं, त्या वर्षी पीकपाणी कसं होतं ते बघायचं आणि त्यावरून यंदाचं भाकीत सांगायचं. यात तथ्य नाही. बर्फाची फट कुठून गेली याचा भाताच्या लोंब्यांशी संबंध असण्याचं काही कारण नाही. आपल्याकडे अक्षय्य तृतीयेला भेंडवळची घटमांडणी होते, तिच्या भाकितांच्या बातम्या दरवर्षी येतात, आणि गेल्या वर्षीचं भाकीत खरं ठरलं का, हे तपासायला कुणाला सवड नसते. सुवाला निदान भाकिताशेजारी निरीक्षण लिहिलेलं आहे. भाकीत बाजूला काढून निरीक्षण वापरता येतं.

ते वापरणाऱ्यांत एक नाव ओळखीचं निघेल. दोन चक्रीवादळं जवळ आली की वर्तमानपत्रांत 'फुजिवारा परिणाम' वाचायला मिळतो, तो ज्यांच्या नावावर आहे ते साकुहेई फुजिवारा मूळचे सुवाचेच. या गोठण-तारखांचा त्यांनीही अभ्यास केला होता. अलीकडचं मोठं काम २०१६ चं: कॅनडातल्या सप्ना शर्मा, अमेरिकेतले जॉन मॅग्नसन आणि सहकारी यांनी सुवाच्या नोंदी आणि फिनलंड-स्वीडनच्या सीमेवरच्या टॉर्न नदीच्या १६९३ पासूनच्या नोंदी एकत्र तपासल्या. १४४३ ते १६८३ या काळात सुवा गोठण्याची तारीख दशकाला ०.१९ दिवसानं पुढे सरकत होती, म्हणजे जवळपास स्थिर. औद्योगिक क्रांतीनंतर हा वेग दशकाला ४.६ दिवस झाला. पहिल्या अडीचशे वर्षांत तळं न गोठल्याची वर्षं तीन. १९५५ ते २००४ या पन्नास वर्षांत बारा. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत पाच. २०१८ साली ओमिवातारी झाली, त्यानंतर २०२५ पर्यंत सलग सात हिवाळे 'उघडा समुद्र'.

इथे सगळं खापर हवामानबदलावर फोडून मोकळं होण्याचा मोह होतो. थोडं थांबावं. सुवा हे काही प्रयोगशाळेतलं भांडं नव्हे. काठाशी भराव पडले, वस्ती वाढली, तेनर्यू नदी जिथून बाहेर पडते तिथे दरवाजे बसले, भोवती गरम पाण्याचे झरे आहेत. मधल्या काही शतकांच्या नोंदी तितक्या एकसारख्या नसल्यामुळे विश्लेषणात घेतलेल्याच नाहीत. पण दूरची टॉर्न नदीही त्याच दिशेनं बोट दाखवते, आणि तिच्या काठी ना सुवाचे भराव आहेत ना गरम झरे.

तारीख पाण्यावर सोपवलेले असे उत्सव युरोप-अमेरिकेतही आहेत. नेदरलँड्समध्ये गोठलेल्या कालव्यांवरून अकरा शहरांना जोडणारी सुमारे २०० किलोमीटरची स्केटिंग शर्यत असते. त्यासाठी १५ सेंटीमीटर बर्फ लागतो आणि ती शेवटची झाली ४ जानेवारी १९९७ ला. कॉन्स्टन्स सरोवर पूर्ण गोठलं की संत जॉनचा अर्धपुतळा मिरवणुकीनं जर्मनीतल्या हाग्नाऊ आणि स्वित्झर्लंडमधल्या म्युन्स्टरलिंगेन यांच्यामध्ये पलीकडच्या काठावर नेतात. १९६३ मध्ये तो स्वित्झर्लंडला गेला, अजून तिथेच आहे. अलास्कातल्या नेनानात तर सरळ पैजा लागतात: नदीच्या बर्फावर उभारलेला सांगाडा कधी सरकेल, दिवस आणि मिनिटासकट. १९१७ पासूनची ही पैजेची नोंदवही शास्त्रज्ञांना चांगलीच उपयोगी पडली. पैसे लागलेले असले की लोक घड्याळ काळजीपूर्वक बघतात.

आता सुवाच्या नोंदीत एक नवीच अडचण येऊ लागली आहे, आणि ती संख्याशास्त्राची आहे. गोठण्याच्या तारखांचा कल काढायचा तर तारीख हवी. न गोठलेल्या वर्षाला तारीख नसते. ती वर्षं गाळून उरलेल्यांची सरासरी काढली तर नेमके सर्वांत उबदार हिवाळे हिशेबातून निघून जातात आणि तापमानवाढ आहे त्यापेक्षा सौम्य दिसते. शून्य धरावं तर तेही चूक, कारण शून्य ही तारीख नव्हे. यावरचा मार्ग औषधांच्या चाचण्या आणि यंत्रांच्या आयुष्यमानाचा अभ्यास करणाऱ्यांनी कधीच शोधून ठेवला आहे. चाचणी संपेपर्यंत बल्ब गेलाच नाही, तर 'इतक्या तासांपर्यंत चालू होता' एवढीच नोंद धरायची आणि ती गणितात तशीच घ्यायची. सुवाच्या बाबतीत ती अशी होईल: वसंतारंभापर्यंत गोठलं नाही. त्यासाठी कुणीतरी वसंतारंभापर्यंत रोज पहाटे जाऊन बघितलेलं असावं लागतं, आणि यात्सुरुगीची मंडळी ते करतात.