नियॉन रेनबोची पिल्ले जगवताना

शोभेच्या माशांच्या दुकानात 'नियॉन रेनबो' म्हणून मिळणारा लहानसा मासा गिऱ्हाइकाच्या नजरेतून पुष्कळदा सुटतो, कारण तिथे तो कोवळ्या वयाचा आणि प्रवासाने भेदरलेला असल्यामुळे फिकट राखाडी दिसतो. 'मेलानोटेनिया प्रेकॉक्स' असे शास्त्रीय नाव असलेला हा मासा मूळचा न्यू गिनी बेटाच्या इंडोनेशियाकडील भागातला, माम्बेरामो नदीच्या खोऱ्यातला. वेबर आणि दि बोफोर्ट यांनी १९२२ साली त्याचे प्रथम वर्णन केले. पूर्ण वाढ झाल्यावर तो सुमारे सहा सेंटीमीटर लांब होतो. नराचे पर लालभडक, तर मादीचे पिवळट केशरी असतात.

त्याची निळी झळाळी निळ्या रंगद्रव्यामुळे येत नाही. त्वचेतील पेशींमध्ये ग्वानिन या रंगहीन पदार्थाचे अतिशय पातळ स्फटिक थराथरांनी रचलेले असतात आणि त्यांच्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशातून ही छटा तयार होते. म्हणूनच मासा जरा वळला की रंग पालटतो, आणि टाकीवर समोरून कोवळे ऊन आले तर तो सर्वांत खुलून दिसतो.

हा मासा थव्याने राहणारा असल्याने निदान सहा-आठ मासे एकत्र ठेवावेत, आणि टाकी उंचीपेक्षा लांबीला अधिक असावी. झाकण हवेच, कारण दचकलेला रेनबो उडी मारतो. पाण्याचे तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस असले की त्याला मानवते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टाकीचे पाणी सहज ३० अंशांपुढे जाते आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे त्या दिवसांत एअर पंप बंद ठेवून चालत नाही.

अंडी मिळवणे अजिबात अवघड नाही. मासे निरोगी असतील तर सकाळच्या उजेडात नर आपले पर ताणून मादीभोवती घिरट्या घालतो, मादी त्याच्यासोबत जावा मॉस या पाणशेवाळाच्या जाळीत शिरते, दोघे अंग थरथरवतात आणि तेवढ्यात मोजकी अंडी पडतात. हा क्रम अनेक दिवस चालू राहतो. प्रत्येक अंड्याला बारीक चिकट तंतू असतात व त्यांच्या आधाराने ते वनस्पतीला लटकून राहते. मॉस नसेल तर ॲक्रिलिक लोकरीचा गोंडाही चालतो, आणि काढून वेगळ्या टबात ठेवायला तोच अधिक सोयीचा पडतो. अंडी मूळ टाकीत राहू दिली तर पालकच ती खातात. पांढरी पडलेली अंडी वेळीच काढावीत, नाहीतर त्यांच्यावरील बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरते. साधारण सात ते दहा दिवसांत पिल्ले बाहेर येतात.

खरी कसोटी इथून पुढे लागते. पिल्लू पापणीच्या केसाएवढे बारीक असते, त्याचे तोंड त्याहून कितीतरी लहान, आणि पहिले काही दिवस ते पाण्याच्या पृष्ठभागालगतच वावरते. तळाशी गेलेले अन्न त्याच्या दृष्टीने नसल्यातच जमा. बाजारातली भुकटी पुष्कळदा त्याला मोठी पडते, शिवाय न खाल्लेली भुकटी कुजून पाण्यात अमोनिया वाढतो आणि पिल्ले एका रात्रीत मरतात. 'पिल्ले उपाशी मेली' असे वाटते तेव्हा पुष्कळदा अतिखाण्याचीच, म्हणजे आपण घातलेल्या जादा अन्नाची, बाधा झालेली असते. यावर उपाय म्हणजे जिवंत अन्न: सुरुवातीला इन्फ्युसोरिया, अर्थात पॅरामेशियमसारखे सूक्ष्मजीव, किंवा व्हिनेगरमध्ये वाढवता येणारे सूक्ष्म कृमी. हे कृमी बुडून तळाशी बसत नाहीत, वरच्या थरात वळवळत राहतात आणि नेमके पिल्लांच्या तोंडासमोर येतात. मिठाच्या पाण्यात उबवलेल्या आर्टेमियाची (एक प्रकारच्या इवल्या कोळंबीसदृश जीवाची) नवजात पिल्ले जवळपास अर्धा मिलिमीटर असतात. रेनबोच्या पिल्लांना ती गिळता यायला साधारण आठवडा-दीड आठवडा लागतो. थोडे थोडे, दिवसातून अनेकदा खायला द्यावे, आणि स्पंज फिल्टरची हवा इतकी मंद ठेवावी की पृष्ठभाग ढवळून निघणार नाही.

अंडी ठेवण्यापूर्वी एका गोष्टीचा निर्णय मात्र झालेला असावा. मेलानोटेनिया गटातील निरनिराळ्या जाती एकाच टाकीत ठेवल्या तर त्यांच्यात संकर होऊ शकतो, आणि संकरित पिल्ले पुढे प्रजननक्षमही निघू शकतात. असे मासे हातोहात फिरले की मूळ जातीचे शुद्ध वाण छंदिष्टांच्या टाक्यांतून नाहीसे होते. म्हणून ज्यांना पिल्ले वाढवून इतरांना द्यायची आहेत, त्यांनी प्रजननाच्या टाकीत एकच जात ठेवावी, तिचे मासे शक्यतो एकाच ठिकाणाहून घ्यावेत आणि देताना त्यांचे मूळ ठिकाणही घेणाऱ्याला सांगावे.