मरणानंतरचा मान: कोणी, कोणाला आणि किती द्यायचा?

समाजात दुही निर्माण करून गेलेला एखादा नेता वारला की अंत्यसंस्कार व्हायच्या आतच वाद पेटतो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असे एक बाजू म्हणते. ज्यांचे आयुष्य त्याच्या निर्णयांनी उद्ध्वस्त झाले त्यांनी गप्प का बसायचे, असे दुसरी विचारते. या भांडणात तीन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ होते. मृतदेहाला संस्कार मिळणे ही एक, मृताबद्दल खरे बोलण्याची मोकळीक ही दुसरी, आणि सरकारने सर्वांच्या वतीने द्यायचा मान ही तिसरी. जुन्या परंपरांनी पहिलीचा आग्रह धरला होता. तिसरी त्यात नंतर येऊन मिसळली आणि सगळा गुंता तिथे झाला.

‘मरणान्तानि वैराणि’ हे वचन आपल्याकडे अशा प्रसंगी हमखास ऐकू येते. वाल्मीकी रामायणाच्या युद्धकांडातला त्याचा प्रसंग मात्र क्वचितच कोणी पुरता सांगतो. रावण पडला आहे आणि त्याचे अंत्यसंस्कार करायला सख्खा भाऊ बिभीषणच तयार नाही. धर्म सोडलेला, क्रूर, खोटा, परस्त्रीला हात लावणारा, अशा माणसाला मी अग्नी देणार नाही, असे तो म्हणतो. रामाचे उत्तर फार विचार करण्यासारखे आहे. तो बिभीषणाला खोटे पाडत नाही. रावण अधर्मी आणि असत्याने वागणारा असेल, हे तो मान्य करतो. तो शूर आणि तेजस्वी होता, हेही सांगतो. मग म्हणतो: वैर मरणापाशी संपते, आपले काम झाले आहे, आता याचे संस्कार कर, हा जसा तुझा, तसाच माझाही. म्हणजे दोष झाकायला इथे कोणीच सांगितलेले नाही. संस्कार अडवू नकोस, एवढेच सांगितले आहे. माझ्या मते या विषयावर याहून स्वच्छ भूमिका पुढच्या दोन हजार वर्षांत फार थोड्यांनी घेतली.

ग्रीकांकडे हा नियम बोलण्यापर्यंत गेला. मृताची निंदा करू नये हे वचन स्पार्टाच्या खिलोनच्या नावावर सांगितले जाते. युरोपभर पसरलेले त्याचे लॅटिन रूप पंधराव्या शतकातल्या भाषांतरातून आले. अथेन्समध्ये सोलोनने तसा कायदाच केला होता, असे ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने नोंदवले आहे. त्यामागची प्लुटार्कने दिलेली कारणे अशी: मृताला पवित्र मानणे हा धर्म, जो उत्तर द्यायला हजर नाही त्याला सोडून देणे हा न्याय, आणि भांडणे पिढ्यान्पिढ्या चालू न देणे हे शहाणपण. यातले शेवटचे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सूडाची साखळी कुठेतरी तोडावी लागते, हे त्या लोकांनी अनुभवातून ओळखले होते.

ती तुटली नाही तर काय होते, याची उदाहरणे युरोपच्या इतिहासात आहेत. ८९७ साली रोममध्ये पोप फोर्मोसस याचे प्रेत थडग्यातून काढून, पोपची वस्त्रे चढवून न्यायसभेपुढे बसवले गेले. दोषी ठरवून त्याच्या उजव्या हाताची बोटे तोडली गेली. इंग्लंडमध्ये राजेशाही हटवून सत्तेवर आलेला ऑलिव्हर क्रॉमवेल १६५८ मध्ये वारला तेव्हा त्याची अंत्ययात्रा राजाच्या थाटात निघाली. राजेशाही परतली आणि ३० जानेवारी १६६१ रोजी, म्हणजे पहिल्या चार्ल्सच्या शिरच्छेदाच्या स्मृतिदिनी, त्याचे प्रेत उकरून फासावर लटकवले गेले. मग तोडलेले डोके वेस्टमिन्स्टर हॉलच्या छपरावर भाल्याला खोचून ठेवले. ते डोके जमिनीत गेले १९६० साली, केंब्रिजमध्ये. आधीचा थाट सत्तेने दिला होता, नंतरची विटंबनाही सत्तेनेच केली.

आधुनिक काळात प्रेताची विटंबना कमी झाली आणि भांडण मानावर आले. झेंडा अर्ध्यावर, तोफांची सलामी, दुखवटा, सार्वजनिक सुट्टी. हा मान सरकार देते, म्हणून तो सगळ्यांच्या नावाने दिला जातो. ज्यांना त्या माणसाने पोळले त्यांच्याही नावाने. इथे चिलीचे उदाहरण जरा थांबून पाहायला हवे.

तिथला लष्करी हुकूमशहा ऑगुस्तो पिनोशे १० डिसेंबर २००६ रोजी वारला. त्याच्या राजवटीत तीन हजारांहून अधिक लोक मारले गेले किंवा बेपत्ता झाले. त्याच्यावर खटले चालू होते, पण शिक्षा एकातही झाली नव्हती. त्या वेळी राष्ट्राध्यक्ष होत्या मिशेल बाशेलेत. त्यांचे वडील, हवाई दलातले जनरल, १९७४ मध्ये छळानंतर कैदेत वारले होते. १९७५ मध्ये त्या स्वतः आणि त्यांची आई छळछावणीत होत्या. बाशेलेत यांनी शासकीय अंत्यसंस्कार आणि राष्ट्रीय दुखवटा नाकारला. पण माजी लष्करप्रमुख म्हणून मिळणारी लष्करी मानवंदना त्यांनी अडवली नाही, लष्करी ठाण्यांवर झेंडे अर्ध्यावर येऊ दिले आणि सरकारतर्फे संरक्षणमंत्र्यांना पाठवले. त्या मंत्रिबाईंची तिथे हुर्यो उडवली गेली. शवपेटी दर्शनाला ठेवली होती तेव्हा पिनोशेच्या आधीचे लष्करप्रमुख कार्लोस प्रॅट्स यांचा नातू शांतपणे रांगेत उभा राहिला आणि पेटीपाशी पोहोचल्यावर तिच्या काचेवर थुंकला. प्रॅट्स आणि त्यांच्या पत्नीला १९७४ मध्ये ब्युनोस आयर्समध्ये मोटारीतल्या बॉम्बने मारले गेले होते. त्या तरुणाचे वागणे योग्य होते असे मी म्हणणार नाही. त्याला शिष्टाचार शिकवण्याचा अधिकार मात्र फार कमी लोकांना आहे. बाशेलेत यांनी जे केले ते अतिशय अवघड होते. देशाचा मान त्यांनी दिला नाही, पण घरच्यांचा शोकही अडवला नाही.

ब्रिटनमध्ये माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या निधनानंतर, एप्रिल २०१३ मध्ये, वेगळे चित्र दिसले. १७ एप्रिलला तोफगाड्यावरून शवपेटी नेऊन सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये मोठा समारंभ झाला. त्याच दिवशी यॉर्कशरमधल्या गोल्डथॉर्प या खाणकामगारांच्या जुन्या गावात त्यांचा पुतळा जाळला गेला. थॅचर यांच्या काळातला खाणकामगारांचा १९८४-८५ चा संप तिथले लोक विसरले नव्हते. त्याआधी संसदेत श्रद्धांजलीच्या चर्चेत विरोधी मजूर पक्षाच्या खासदार ग्लेंडा जॅक्सन यांनी थॅचर यांच्या धोरणांवर कडक टीका केली. एका सदस्याने हरकत घेतली, तेव्हा सभापतींनी यात असंसदीय काही नाही असे सांगितले. सभागृह स्तुतीसाठी जमले असले तरी मतभेदाला तिथे जागा आहे, असा त्याचा अर्थ होतो आणि मला तो बरोबर वाटतो.

जपानमध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची जुलै २०२२ मध्ये हत्या झाली आणि २७ सप्टेंबरला शासकीय अंत्यसंस्कार झाले. हत्येचा धक्का सगळ्यांनाच होता, तरीही जनमत चाचण्यांत विरोध वाढत गेला. शासकीय अंत्यसंस्काराचा १९२६ चा आदेश १९४७ मध्येच रद्दबातल झाला होता, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर आबे यांच्याआधी तसा मान मिळालेले माजी पंतप्रधान एकच, १९६७ साली शिगेरू योशिदा. संसदेला न विचारता मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, हा आक्षेपाचा मुख्य मुद्दा होता. रस्त्यावर निदर्शने चालू असताना सामान्य माणसे फुले वाहायला लांबच लांब रांगेत उभी होती.

बोलण्याच्या बाजूला आता कायदाही आला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत सगळे बंद होते. त्या बंदविषयी फेसबुकवर लिहिणाऱ्या पालघरच्या एका तरुणीला आणि ते लाइक करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली. पुढे त्यांच्यावरची कारवाई थांबली. त्यांच्यावर लावलेले, ऑनलाइन मजकुराविषयीचे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. शोकात असलेल्यांचे मन जपणे हा चांगुलपणा आहे; तो पोलिसांकरवी वसूल करायला लागले की शोकही बाटतो.

आणि एकदा दिलेला मान परत घेता येतो का? फिलिपिन्समध्ये उलट घडले. तिथले पदच्युत हुकूमशहा फर्डिनांड मार्कोस १९८९ मध्ये हवाईत परागंदा असताना वारले. त्यांचा देह १९९३ पासून बाताक या गावी शीतपेटीत ठेवला होता. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध पाच मतांनी हरकती फेटाळल्यावर, १८ नोव्हेंबरला तो जवळजवळ गुपचूप वीरांच्या दफनभूमीत पुरला गेला आणि बातमी कळताच तरुण रस्त्यावर आले. स्पेनने दुसरी वाट धरली. तिथला हुकूमशहा फ्रँको १९७५ पासून माद्रिदजवळच्या भव्य स्मारकात होता, ज्याच्या बांधकामावर त्याच्या राजवटीतले राजकीय कैदीही राबले होते. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने मान्यता दिल्यावर २४ ऑक्टोबर २०१९ रोजी त्याचा देह तिथून हलवण्यात आला. सरकारने लष्करी मानवंदना नाकारली. शवपेटी मात्र घरच्यांनाच खांद्यावर घेऊ दिली. त्यानंतर फ्रँकोला मिंगोरूबियो इथल्या साध्या दफनभूमीत त्याच्या पत्नीशेजारी ठेवण्यात आले.