परक्युला की ओसेलॅरिस? एका जुन्या गोंधळाची पार्श्वभूमी

नागपूरच्या मत्स्यालय दुकानांत नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे दिसले की मासा ‘निमो’ म्हणून विकला जातो. बिलावर कधी परक्युला लिहितात, कधी ओसेलॅरिस. खरं तर या क्लाउनफिशच्या दोन वेगळ्या, पण सारख्या दिसणाऱ्या जाती आहेत. या गोंधळाचं मूळ फार मागे आहे.

परक्युलाचं पहिलं शास्त्रीय वर्णन लासेपेद या फ्रेंच अभ्यासकाने १८०२ मध्ये केलं, आणि तेव्हा त्याला थेट तांबोशीच्या लुट्जानस गटात बसवलं. ओसेलॅरिसचं वर्णन क्यूव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८३० मध्ये केलं. पुढे शोभिवंत माशांच्या व्यापारात इंडोनेशिया, फिलिपिन्सचा ओसेलॅरिस सर्रास परक्युला म्हणून खपला; ‘खोटा परक्युला’ हे त्याचं नाव त्यातूनच आलं.

खरा परक्युला न्यू गिनी, सॉलोमन बेटं, व्हानुआतू आणि उत्तर क्वीन्सलँडचा. आपल्या अंदमान-निकोबारच्या प्रवाळांत राहतो तो ओसेलॅरिस. त्यामुळे ‘अंदमानचा परक्युला’ असं कुणी सांगितलं, तर तिथेच शंका घ्यावी.

खात्री करायची तर पाठीवरच्या पराचे (फिनचे) काटे मोजावेत. ओसेलॅरिसला बहुधा ११, परक्युलाला बहुधा १०. मासा बिचकला की पर ताठ उभा राहतो. तेवढ्यात बाजूने भराभर फोटो काढून घ्यायचे. मोजणी डोक्याकडून करावी. पहिला काटा आखूड असतो, तोच हमखास सुटतो आणि ओसेलॅरिसचा परक्युला होतो. मागच्या मऊ शलाका (पराचे लवचिक दांडे) मोजणीत धरू नयेत. परक्युलाच्या पट्ट्यांची काळी किनार जाड असते खरी, पण पिल्लांत ती नीट भरलेली नसते. शिवाय पैदास केंद्रांतल्या निवडक आणि संकरित वाणांत रंगावरून काहीच ठरत नाही.

निसर्गात दोघेही उथळ पाण्यात, साधारण १५ मीटरपर्यंत, मोठ्या समुद्रफुलांच्या (सी ॲनिमोनच्या) आश्रयाने राहतात. टाकीत समुद्रफुलाशिवायही ते उत्तम जगतात, आणि नवख्याने समुद्रफूल आणूच नये: ते सरकत पंपात अडकतं, कुजतं आणि सगळं पाणी नासवतं.

नागपुरात खरी कसोटी मे महिन्यात लागते. खोली तापते, पण पाणी २६ ते २८ अंशांवरच हवं. नुसत्या पंख्याने पाणी गार होतं खरं, पण बाष्पीभवन वाढतं. १०० लिटरच्या टाकीतून ५ लिटर पाणी उडालं, तर क्षारता (दर हजार भागांतलं मिठाचं प्रमाण) ३५ वरून जवळपास ३७ वर जाते, कारण मीठ मागेच राहतं. ही तूट रोजच्या रोज गोड्या आरओ पाण्याने भरावी. मिठाचं पाणी फक्त पाणी बदलताना घालायचं.