गाडीचा एसी आणि ‘संपलेला’ गॅस

उन्हाळा लागला की गॅरेजमध्ये हे वाक्य हमखास कानावर पडतं: ‘गॅस संपलाय साहेब, भरून टाकू.’ पेट्रोल संपतं, कारण ते जळतं. एसीतला गॅस जळत नाही. साधारण अर्धा किलो गॅस बंद नळ्यांतून गोल गोल फिरत राहतो, एवढंच. रबरी होजमधून, सांध्यांमधून वर्षानुवर्षं थोडासा झिरपतो, हे खरं. पण गेल्या उन्हाळ्यात भरलेला गॅस या उन्हाळ्यात नसेल, तर तो संपलेला नाही, गळलेला आहे.

या गॅसचं काम माठाच्या पाण्यासारखंच. वाफ होताना उष्णता उचलायची. आपल्याकडच्या असंख्य गाड्यांत असलेला आर-१३४ए मोकळ्या हवेत उणे २६ अंशांनाच उकळतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये त्याचा दाब वातावरणाच्या सुमारे तिप्पट असतो, तिथे तो शून्य अंशाच्या आसपास उकळतो आणि केबिनमधली उष्णता शोषून घेतो. मग कॉम्प्रेसर ती वाफ दाबून तापवतो आणि रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये ती उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव होते. त्यासाठी ती बाहेरच्या हवेपेक्षा गरम असावी लागते. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतील, तर कंडेन्सरमध्ये ६० अंश लागतात आणि त्यासाठी दाब वातावरणाच्या जवळजवळ १७ पट. अशा दुपारी एसी थोडा कमी पडला तर तो बिघाड नव्हे. मुंबईत अडचण वेगळी: तिथल्या दमट हवेतली वाफ पाणी करण्यातच एसीची बरीच ताकद खर्च होते. गाडीखाली टपकणारं पाणी तेच. ते खाली न टपकता पायाशी आलं, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे.

एसी गार करत नसेल तर आधी हवेकडे बघायचं. झोतच कमी असेल तर केबिन फिल्टर काढून पाहा. कित्येक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि हातानं निघतो. झोत जोरदार पण हवा कोमट असेल, तर बॉनेट उघडून एसी सुरू करायला सांगा. पट्ट्यावर चालणाऱ्या बऱ्याच कॉम्प्रेसरचा क्लच ‘टक’ असा आवाज करून पकडतो आणि त्याची पुढची तबकडी फिरू लागते. ती फिरलीच नाही तर फ्यूज, रिले, क्लच किंवा गॅसची गळती. गॅस फार कमी झाला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला सुरूच होऊ देत नाही. ते बरंच आहे, कारण कॉम्प्रेसरचं तेलही गॅसबरोबरच फिरतं; गॅस नसताना तो फिरला तर कोरडाच फिरेल.

हायवेवर गारेगार आणि सिग्नलला गरम, हे लक्षण तर बोलकं आहे. गाडी पळताना वारा कंडेन्सरला थंड करतो. थांबल्यावर ते काम पंख्याचं. पंखा बंद किंवा मंद असेल, नाहीतर कंडेन्सरच्या जाळीत धूळ-चिखल बसला असेल. इथे गॅस भरून काहीच साधत नाही.

याच्या उलट प्रकार म्हणजे सुरुवातीला मस्त गार आणि अर्ध्या तासाने झोत हळूहळू मरणं. एसी पंधरा मिनिटं बंद ठेवला की पुन्हा ठीक. कॉइलवर बर्फ धरतोय. सेन्सर बिघडला तरी असं होतं, पण गॅस थोडा कमी झाला तरीही होऊ शकतं: दाब उतरतो, उकळबिंदू शून्याच्या खाली जातो आणि कॉइलवरचं पाणी गोठतं. म्हणजे गॅस कमी आणि बर्फ जास्त!

‘गेज (दाब दाखवणारा काटा) लावून बघतो’ म्हणजे गॅस मोजला, असंही नाही. बंद नळीत द्रव आणि वाफ एकत्र असेपर्यंत दाब फक्त तापमानावर ठरतो. इंजिन बंद असताना आत २०० ग्रॅम असो वा ५००, काटा जवळपास तिथेच. चालू एसीत दोन्ही बाजूंचे दाब बघून अनुभवी मेकॅनिक अंदाज बांधतो, पण अंदाजच. जास्त भरलं तरी बिघडतं. कंडेन्सरमध्ये द्रव साचतो, वाफेला जागा उरत नाही आणि थंडावा घटतो.

गळतीची जागा पुष्कळदा तेलकट डागावरून कळते, कारण गॅसबरोबर तेलही बाहेर येतं. दगड उडून लागलेला कंडेन्सर हा नेहमीचा संशयित. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचे बुडबुडे बघतात. दुरुस्तीनंतर किमान अर्धा तास व्हॅक्यूम लावायचा, कारण आत राहिलेला ओलावा इतक्या कमी दाबाला खोलीच्या तापमानालाच उकळून निघून जातो. तो राहिला तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे कॉइलच्या आधी द्रवाचा दाब उतरवणाऱ्या अरुंद झडपेत, गोठतो, तेलाशी मिळून आम्ल बनवतो. घाईच्या गॅरेजात नेमकी हीच पायरी गाळली जाते.

आणि गळलेला गॅस जातो कुठे? गाड्यांच्या एसीतला जुना गॅस, आर-१२, ओझोनचा थर खात होता. १९८७च्या माँट्रियल करारानंतर तो गेला. आर-१३४ए ओझोनला निरुपद्रवी, पण हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट. अर्धा किलो उडून गेला, तर जवळपास ३०० लिटर पेट्रोल जाळल्याइतका परिणाम. म्हणून दर उन्हाळ्यातल्या ‘टॉप-अप’चा मला राग येतो.

किती ग्रॅम भरायचा हे बहुधा बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. गॅस भरायच्या आधी त्याचा फोटो काढा आणि वजनकाटा कुठे आहे ते विचारा.