फ्लोराइडची विषबाधा आणि डायलिसिस: दोन्हीकडून उघडे दार

१८ नोव्हेंबर १९४२. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील सेलम शहरातल्या सरकारी मनोरुग्णालयात रात्रीच्या जेवणाला अंड्याची भुर्जी होती. तीत घालायची दुधाची पावडर आणायला एका रुग्णाला कोठीत पाठवले गेले. त्याने आणली ती झुरळे मारायची पूड, म्हणजे सोडियम फ्लोराइड. दोन्ही पांढऱ्याच. २६३ जणांना बाधा झाली, ४७ दगावले.

फ्लोराइड पोटातल्या आम्लात मिसळून झपाट्याने रक्तात शिरते आणि तिथले कॅल्शियम बांधून टाकते. दुसरीकडे पेशींमधले पोटॅशियम बाहेर येऊन रक्तात साचते. कॅल्शियम घटलेले, पोटॅशियम चढलेले, अशा वेळी हृदय ठोके द्यायचे सोडून नुसते थरथरू लागते. बहुतेक मृत्यू असेच होतात, तेही काही तासांत. म्हणून पहिला उपचार कॅल्शियमचा. पण त्याने विष शरीराबाहेर जात नाही.

ते बाहेर काढू शकेल असे यंत्र सेलमच्या घटनेनंतर चारच महिन्यांनी माणसावर वापरले गेले. जर्मनव्याप्त नेदरलँड्समधल्या काम्पेन गावात विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या वेष्टनाची सेलोफेन नळी फिरत्या पिंपाभोवती गुंडाळून रक्त गाळले. हेच डायलिसिस. यंत्र होते मूत्रपिंड बंद पडलेल्यांसाठी. मात्र रक्तातला बाहेरचा पदार्थ असा काढता येतो, हे बाल्टिमोरच्या जॉन जेकब एबल यांनी १९१३ मध्येच कुत्र्यांवर, सॅलिसिलेट वापरून दाखवले होते.

फ्लोराइड या कामाला अगदी सोयीचे. कण लहान, अणुभार १९, प्रथिनांना चिकटून न बसणारे, त्यामुळे ते यंत्रातल्या रक्त गाळणाऱ्या पातळ पडद्यातून सहज पार होते. तरी या उपचाराचे ठळक वृत्त वैद्यकीय नियतकालिकात यायला १९७३ उजाडले. त्याच्या लेखकांत डोनाल्ड टेव्हझ हे नाव आहे, आणि मला या इतिहासात सर्वांत रंजक वाटते ते तेच. कारण याच टेव्हझ यांनी सहकाऱ्यांसह १९६५ मध्ये उलट बाजू तपासली होती: दातांसाठी फ्लोराइड मिसळलेले नळाचे पाणी दीर्घकाळ डायलिसिसला वापरले तर रुग्णाचे काय होते?

पडद्याला दिशा कळत नाही. जिकडे जास्त, तिकडून कमीकडे. निरोगी माणूस दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो. डायलिसिसच्या रुग्णाचे रक्त चार तासांच्या एका बैठकीत पडद्यापलीकडच्या, पाण्यापासून बनवलेल्या साधारण १२० लिटर द्रावणाच्या संपर्कात येते. १९७९ मध्ये मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिस शहरात जलशुद्धीकरण केंद्रातून जास्तीचे फ्लोराइड पाणीपुरवठ्यात गेले. आठ डायलिसिस रुग्ण आजारी पडले, एक दगावला. जुलै १९९३ मध्ये शिकागोत तर शहराच्या पाण्यात काही बिघाडही नव्हता. रुग्णालयातल्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातले रेझिन (पाण्यातले क्षार धरून ठेवणारा पदार्थ) भरून गेले आणि तोवर धरून ठेवलेले फ्लोराइड त्याने एकदम सोडून दिले. एका खोलीतल्या १५ पैकी १२ रुग्णांना त्रास झाला, तिघांचा मृत्यू झाला.

उपचार म्हणून डायलिसिसचा आधार आजही सुट्या रुग्णांच्या वृत्तांतांवरच आहे; मोठ्या चाचण्या नाहीत, आणि अशा घाईच्या, विरळ विषबाधेत त्या होणार तरी कशा? काच कोरायला आणि गंज काढायला लागणाऱ्या हायड्रोफ्लोरिक आम्लाने भाजलेले किंवा ते प्यायलेले काही रुग्ण कॅल्शियमच्या जोडीला डायलिसिस मिळाल्यावर वाचले आहेत. मूत्रपिंडे नीट चालत असतील तर ती स्वतःच बरेचसे फ्लोराइड लघवीवाटे टाकतात. ती थकली किंवा पोटॅशियम आवरेनासे झाले, की यंत्राची खरी गरज लागते, कारण ते फ्लोराइड काढणे आणि पोटॅशियम उतरवणे ही दोन्ही कामे एकदम करते. उशीर मात्र परवडत नाही. रक्तातले फ्लोराइड हाडांत जाऊन बसू लागते, आणि तिथे यंत्राचा हात पोहोचत नाही.

यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरवेलच्या पाण्यामुळे वर्षानुवर्षे होणाऱ्या फ्लोरोसिसवर (फ्लोराइड साचून दात-हाडे बिघडण्याच्या आजारावर) डायलिसिस हा इलाज नाही, तो यामुळेच. त्या भागातल्या डायलिसिस केंद्रात आरओ यंत्रणेची देखभाल वेळेवर होते का, हा प्रश्न मात्र तिथल्या रुग्णांनी जरूर विचारावा.